"कसा हाय गेम?" असं कुणी विचारलं की काय सांगायचं

भावांनो, आपल्याकडं गेमबद्दल कुणी विचारलं की दोनच उत्तरं येतात. एक "नादखुळा" आणि दुसरं "बेकार, नादाला लागू नकोस". मी पण कित्येक वर्षं हेच सांगत होतो आणि त्याचा फटका बसला माझ्या मावसभावाला, म्हणून हे लिहायला बसलोय.

झालं असं की बारावीनंतरच्या सुट्टीत तो कोल्हापुरातल्या उद्यमनगरात एका वर्कशॉपमध्ये कामाला जायचा. तेलात हात काळे करून पैसे साठवले आणि एका संध्याकाळी रंकाळ्यावर बसलो असताना मला म्हणाला, "दादा, आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या पैशानं गेम घ्यायचाय, कुठला घिऊ?" मी त्याच आठवड्यात रेड डेड रिडेम्प्शन २ संपवला होता, डोक्यात तोच, म्हटलं डोळं झाकून घे. त्यानं घेतला. दीडशे जीबी जागा लागते त्याला, दोन रात्री डाउनलोड चालला, आणि त्याच्या लॅपटॉपला वेगळं ग्राफिक्स कार्डच नाही हे मी विचारलंच नव्हतं. चित्र अडकत अडकत चाललंय आणि हा बिचारा सेटिंग खाली करत बसलाय, आता चालेल मग चालेल करत. स्टीमवर, म्हणजे गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानात, घेतलेला गेम १४ दिवसांच्या आत आणि २ तासांपेक्षा कमी खेळला असेल तर पैसे परत मिळतात, पण हा सेटिंगमध्येच दोन तासांच्या पुढं गेलेला. मला फोन केला तेव्हा उशीर झाला होता. वर मलाच म्हणतो, "असू दे दादा." ते असू दे लई लागलं मला.

गेमची चूक काहीच नव्हती, माझ्या मते तो गेल्या काही वर्षांतला सगळ्यात मनापासून बनवलेला गेम आहे. चूक माझ्या उत्तराची होती. मी त्याला गेमबद्दल काही सांगितलंच नव्हतं, मला किती आनंद झाला तेवढंच सांगितलं होतं.

तेव्हापासून एक शंभर पानी वही केलीय. गेम खेळताना आणि संपल्यावर त्यात लिहितो, आणि कुणी विचारलं की वही काढून सांगतो. कशी लिहायची ते सांगतो, तुम्ही पण करून बघा, वही नसेल तर मोबाइलमधल्या नोट्समध्ये लिहा, काय फरक पडत नाही.

सगळ्यात आधी मत लिहायचंच नाही. आधी लिहायचं कशावर खेळला, किती तास खेळला, कुठपर्यंत गेला. एवढंच. मशीन लिहिताना रॅम किती, कार्ड आहे का नाही, मोबाइल असेल तर किती जुना, चार्जिंग किती वेळ टिकलं. हे रटाळ वाटतं पण समोरच्याला याच्याशिवाय तुमच्या मताचा उपयोग नाही, कारण तुम्ही ज्याला मख्खन म्हणताय ते त्याच्याकडं स्लाइड शो असू शकतं. आणि किती तास खेळला हे खरं लिहायचं, चार तास खेळून "गेम फसलाय" म्हणणं वेगळं आणि चाळीस तास खेळून म्हणणं वेगळं, दोन्ही चालतं, पण कुठलं आहे ते सांगितलं पाहिजे.

याच्याच खाली मी एक ओळ लिहितो जी कुठल्याच व्हिडिओत मला सापडली नाही आणि कोल्हापुरात राहून लई गरजेची आहे. लाइट गेली तर किती जातं? वळवाचा पाऊस सुरू झाला, वारं सुटलं की आमच्या भागात लाइट गेलीच म्हणून समजा, आणि इन्व्हर्टर पंख्याला असतो, पीसीला नाही. आता बघा, विचर ३ मध्ये लढाई चालू नसेल तर जवळजवळ कधीही सेव्ह करता येतं, त्यामुळं लाइट गेली तर गेली. स्टारड्यू व्हॅलीत रात्री झोपल्यावरच सेव्ह होतं, पण तिथला अख्खा दिवस आपल्या घड्याळात चौदा मिनिटांच्या आसपास बसतो, म्हणजे जास्तीत जास्त तेवढंच नुकसान. व्हाइस सिटीत मात्र मिशन संपवायचं, मग गाडी पळवत घरापर्यंत जायचं, मग सेव्ह. माझी त्यातली अख्खी दुपार वीज गेल्यामुळं वाया गेलेली मला अजून आठवतीय. हे कुणाला सांगितलं की त्याला कळतं की यूपीएस नसेल तर कुठला गेम पावसाळ्यानंतर घ्यायचा.

आता मुख्य काम. गेममध्ये हातानं काय करावं लागतं ते लिहायचं. गोष्ट काय आहे, ग्राफिक्स कसे आहेत हे सगळे सांगतात, पण तुम्ही एक तास बसलात तर त्या तासात तुमची बोटं आणि तुमचं डोकं नेमकं काय करत होतं? हा प्रश्न विचारला की निम्मे गेम वेगळेच दिसायला लागतात.

स्टारड्यू व्हॅलीचं घ्या. एरिक बॅरोन नावाच्या एकट्या माणसानं बनवलेला गेम, चित्रं, संगीत, कोडिंग सगळं त्याचंच, २०१६ साली आला. सगळे म्हणतात शेतीचा गेम. माझा मामा करवीर तालुक्यात ऊस करतो, एकदा घरी आलेला तर माझ्या मागं उभा राहून बघत होता. मी पार्सनिप (गाजरासारखं कंद) लावला, रोज झारीनं पाणी घातलं, चार दिवसांत काढून विकला. मामा म्हणतोय, "चार दिसात पीक? आमचा आडसाली दीड वरीस रानात उभा असतुया. आणि पाणी रोज तूच घालतुयास व्हय, गडी न्हाई, मोटर न्हाई?" मी हसलो पण रात्री वहीत लिहिताना लक्षात आलं की मामाचं बरोबर आहे, यात शेती कमी आहे. यात माझं डोकं पूर्ण वेळ एकच हिशोब करत असतं, सकाळी सहाला उठलो, पाणी घालून दहा वाजतात, मग खाणीत जाऊ का मासे पकडू, दुकान पाचला बंद होतं, ताकद किती उरलीय, अठ्ठावीस दिवसांचा मोसम संपला की उभं पीक वाळून जातं तर आता बी घेण्यात अर्थ आहे का. हा दिवस मांडायचा गेम आहे. ज्याला यादी करून एकेक काम उरकण्यात मजा येते त्याला हा वेड लावेल, आणि ज्याला ऑफिसमध्ये दिवसभर तेच करून वैताग आलाय त्याला "शांत गेम आहे, डोकं मोकळं होईल" असं सांगून देऊ नका, मी माझ्या वहिनीला दिला आणि तिनं तिसऱ्या दिवशी मोबाइलमधून काढून टाकला, म्हणाली इथं पण घड्याळच बघायचं का. तिचं मत मी माझ्या मताच्या शेजारी लिहून ठेवलंय, कारण दोन्ही खरी आहेत.

रेड डेडचं पण असंच. १८९९ सालची अमेरिका, कपाटाचा एकेक खण उघडायचा, आत हात घालायचा, वस्तू उचलायची, शिकार केली की जनावर खांद्यावर टाकून घोड्यापर्यंत चालत न्यायचं. हाताला काम थोडं आणि वाट बघणं जास्त. मला ते लई आवडलं कारण त्या संथपणामुळं आर्थर, म्हणजे त्यातला हिरो, खरा माणूस वाटायला लागतो, घोड्याला मी खरंच जपायला लागलो होतो. पण मी ते सलग सुट्टीत खेळलेलो, रोज चार-पाच तास. ज्याला कामावरून येऊन जेवून अर्धाच तास मिळतो त्याचा अर्धा तास घोड्यावर एका गावातून दुसऱ्या गावात जाण्यातच जाईल. म्हणून आता मी हा गेम सुचवताना आधी विचारतो, बाबा तुला एका बैठकीत वेळ किती मिळतो.

अवघडपणाबद्दल जरा सविस्तर बोलतो कारण सगळ्यात खोटी मतं इथं तयार होतात. हरलो की राग येतो आणि रागात लिहिलेलं मत गेमबद्दल नसतं. माझा नियम असा की ज्या बॉसपाशी, म्हणजे गेममधल्या मोठ्या शत्रूपाशी, अडकलोय त्याच्याबद्दल त्या रात्री काही लिहायचं नाही, सकाळी लिहायचं, आणि एकच प्रश्न विचारायचा, मेलो तेव्हा का मेलो हे मला कळलं का? कळत असेल तर गेम अवघड आहे. कळतच नसेल, कॅमेरा भिंतीत घुसला होता, मार कुठनं आला दिसलंच नाही, तर तो अन्याय आहे.

सेकिरो घ्या, २०१९ चा, यात सोपं-अवघड निवडायची सोयच नाही. यात पळून जाऊन मारत बसलात की संपलात, समोरच्याची तलवार आपल्या तलवारीवर बरोबर वेळेला झेलायची, झेलत राहायची, त्याचा तोल सुटला की एक घाव. मी आधी दोन आठवडे दुसऱ्या गेमच्या सवयीनं लांब लांब पळत होतो आणि गेमला शिव्या देत होतो. ज्या दिवशी जागेवर उभं राहून झेलायला लागलो त्या दिवशी तोच गेम गाण्यासारखा वाटला, ठण ठण ठण. वहीत त्या दोन आठवड्यांचं पान अजून आहे, "फालतू" लिहिलंय, खोडलं नाही, त्याच्याखाली तारीख घालून पुढचं लिहिलं. मत बदललं तर जुनं ठेवा, समोरच्याला सांगताना ते कामाला येतं की भावा पहिले दहा तास असं वाटेल, घाबरू नको.

याच्या उलट सेलेस्टे. २०१८ चा छोटा गेम, डोंगर चढायचा, उड्या मारायच्या, लई अवघड, पण मेलात की पापणी लवायच्या आत त्याच स्क्रीनवर परत उभे. आणि असिस्ट मोड आहे, म्हणजे गेमचा वेग कमी करा, ताकद न संपणारी करा, मरणच बंद करा, तुमची मर्जी. काही पोरं म्हणतात असिस्ट चालू केलं की तो खेळलाच नाही. मला हे अजिबात पटत नाही. माझ्या एका मित्राच्या उजव्या हाताची दोन बोटं मशीनमध्ये गेलीत, त्यानं वेग कमी करून हा गेम शेवटपर्यंत खेळला आणि शेवटाला त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. त्याला कोण सांगणार की तू खेळला नाहीस? तर वहीत असं लिहायचं, असिस्ट आहे का, सोपा मोड आहे का, सबटायटलचं अक्षर मोठं करता येतं का. कुणाला ना कुणाला त्याचीच गरज असते.

आणि अवघड गेम चांगला म्हणजे काय याचं माझं सगळ्यात आवडतं उदाहरण होलो नाइट. टीम चेरी म्हणून ऑस्ट्रेलियातल्या दोन-चार माणसांनी २०१७ ला काढलेला. सुरुवात संथ आहे हे आधी सांगून टाकतो, पहिले तीन-चार तास कुठं जायचं कळत नाही, नकाशासुद्धा विकत घ्यावा लागतो, घेतला तरी पिसाची लेखणी घेतल्याशिवाय आणि बाकड्यावर (सेव्ह व्हायची जागा) बसल्याशिवाय त्यात नवीन जागा उमटत नाही. इथं लई जण सोडतात. पण पुढं मँटिस लॉर्ड्स नावाच्या कीटक-सरदारांपाशी पोचा. सिंहासनांवर बसलेले तीन योद्धे. आधी एकटा उतरतो, त्याला हरवलं की उरलेले दोघं एकदम उतरतात, पण दोघांची चाल अशी बांधलीय की प्रत्येक वाराला एक जागा सुटतेच, शोधली तर सापडते. आणि हरवल्यावर ते उठून वाकून नमस्कार करतात, त्यानंतर त्या गावातला एकही मँटिस तुमच्यावर हात उचलत नाही. मला खासबाग आठवलं एकदम. आजोबा न्यायचे कुस्त्या बघायला, चितपट झालेला पैलवान उठून जिंकलेल्याच्या पाठीवर थाप मारायचा आणि दोघं मिळून मातीला हात लावायचे. त्या कीटकांच्या गेममध्ये तालमीची अदब बघून मी कंट्रोलर खाली ठेवला आणि थोडा वेळ नुसता बसून राहिलो. असं काही झालं की ते तसंच्या तसं लिहायचं, मार्क देत बसायचं नाही. दहापैकी नऊ लिहून काय कळणार आहे कुणाला?

लहानपणीच्या गेमबद्दल मत देताना मात्र एक पथ्य पाळा, आधी तो परत एक तास खेळा. आठवणीवर मत देऊ नका. आमच्या पिढीला कॉन्ट्रा म्हटलं की अंगावर काटा येतो, टीव्हीला लावायचा तो डबा, कॅसेट फुंकून घालायची, वर वर खाली खाली डावं उजवं डावं उजवं बी ए दाबून तीस लाइफ घ्यायच्या. मी परत खेळलो. आणि खरं सांगतो, आठवणीपेक्षा चांगला निघाला. आठ लेव्हल, एक गोळी लागली की मेला, पण दोघांनी खेळायला आजही तोड नाही. धबधब्याची लेव्हल आठवतीय का, वर चढत जायचं, एकजण घाई करून वर गेला की स्क्रीन वर सरकते आणि खाली राहिलेला मरतो. माझी आणि थोरल्या भावाची त्यावरनं मारामारी व्हायची. आता कळतं की त्या एका गोष्टीनं आम्हाला एकमेकांसाठी थांबायला लावलं होतं, न सांगता. आणि एस वाली गन (गोळ्या पसरून मारणारी) कुणी घ्यायची हा वाद आम्ही चाळिशीला आलो तरी मिटलेला नाही.

व्हाइस सिटी परत खेळलो तर उलटं झालं. राजारामपुरीतल्या कॅफेत तासाला वीस रुपये देऊन खेळलेला गेम, १९८६ सालचं शहर, गुलाबी आकाश, रेडिओ. शहर छोटं आहे पण म्हणूनच गल्ली न् गल्ली पाठ होते, आजच्या मोठमोठ्या नकाशांत ती ओळख होत नाही, हे मत माझं कायम आहे. पण बंदुकीचा नेम धरणं आता जड जातं, हिरोला पोहता येत नाही, पाण्यात पडला की मेला, आणि खेळण्यातल्या हेलिकॉप्टरनं इमारतीत बॉम्ब ठेवायचं ते मिशन, ते मी लहानपणी कसं केलं हे मलाच कोडं आहे. म्हणून आज विसाव्या वर्षातल्या पोरानं विचारलं तर मी म्हणतो, शहर बघायला खेळ, फिर, रेडिओ ऐक, मिशन सगळी संपवायच्या मागं लागू नको. आमच्या वयाच्या माणसाला वेगळं सांगतो, त्याला काही सांगावंच लागत नाही.

मित्रांबरोबर खेळायचे गेम हा अजून एक फसवा विषय. बीजीएमआय (बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया) किंवा त्याच्या आधीचा पबजी मोबाइल, सप्टेंबर २०२० मध्ये बंदी आली तेव्हा आमचा चौघांचा ग्रुप असा झाला होता की जणू कट्टाच उठवला कुणीतरी. पुढं जुलै २०२१ ला बीजीएमआय नावानं आला तेव्हा एकजण पुण्याला, एकजण दुबईला गेलेला, मी दोन आठवडे अनोळखी लोकांबरोबर खेळलो आणि कंटाळलो. तेव्हा समजलं की मी ज्याला गेमची मजा म्हणत होतो त्यातली निम्मी मजा आमच्या बोलण्याची होती, एरंगेल नावाच्या त्यातल्या नकाशावरच्या घरात लपून बसून उद्याच्या पेपरबद्दल बोलणं, कुणाच्या तरी आईनं मागनं ओरडणं. म्हणजे गेम वाईट असं नाही, शंभर जण उतरतात, वर्तुळ बारीक होत जातं, शेवटच्या दहा जणांत छाती जी धडधडते ती दुसऱ्या कशात नाही. पण असला गेम एकदा एकट्यानं खेळून बघायचा आणि दोन्ही वेगवेगळं लिहायचं. ज्याचा ग्रुप नाही त्याला ग्रुपवाली मजा सांगून पाठवू नका.

फुटबॉल गेमचं तर कोल्हापुरात बोलायलाच नको. इथं पेठापेठांच्या टीम, शाहू स्टेडियमवर मॅच असली की गल्ल्या ओस, वर्ल्डकपला अर्धं गाव अर्जेंटिना आणि अर्धं ब्राझील. त्यामुळं आपल्याकडच्या पोरांना फुटबॉल गेमचं खोटं लगेच कळतं. माझं मत अजून पीईएस (प्रो इव्होल्यूशन सॉकर) २०१३ च्या बाजूनं आहे, जुन्या मशीनवर पण चालायचा, पास पूर्ण आपल्या हातानं द्यायचा मोड होता, जिथं ढकलाल तिथंच बॉल, चुकलं तर आपलं चुकलं. दोघांत एक कीबोर्ड आणि एक जॉयस्टिक, जॉयस्टिक कुणाकडं ते टॉस करून. आजकालच्या एका फुटबॉल गेममध्ये मी पैसे देऊन खेळाडूंचे पॅक उघडत बसलो आणि महिन्याअखेरीस हिशोब केला तर त्या पैशात खरे फुटबॉल शूज आले असते. तेव्हापासून वहीत पैशाची ओळ घातली. विकत घेताना किती गेले, आणि घेतल्यानंतर आत किती गेले. दुसरा आकडा जास्त महत्त्वाचा. नशिबावर पॅक उघडायला लावणारा गेम लहान पोराला कधीच सुचवू नका, गेम कितीही चांगला असू दे.

किमतीवरनं आठवलं, मत देताना ते पूर्ण किमतीला आहे का सेलच्या किमतीला हे पण सांगा. स्टीमचा उन्हाळ्यातला आणि हिवाळ्यातला सेल, एपिक नावाच्या दुसऱ्या ऑनलाइन दुकानात दर गुरुवारी रात्री फुकट गेम, एवढं माहीत असलं तरी निम्मे पैसे वाचतात. माझ्या वहीत तीन शब्द असतात, "आत्ता घे", "सेलला घे", "फुकट मिळाला तर घे".

आता आपल्या माणसांच्या गेमबद्दल. राजी म्हणून गेम आहे, २०२० चा, पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सनी बनवला. राजी ही डोंबारखेळ करणारी पोरगी, तिच्या भावाला, गोलूला, राक्षस पळवून नेतात आणि ती त्याला शोधायला निघते, दुर्गा आणि विष्णू वरनं तिच्याबद्दल बोलत असतात. पहिल्यांदा त्रिशूळ हातात आला आणि पोरगी खांबाला गिरकी घेऊन राक्षसावर आदळली तेव्हा मला जे वाटलं ते मी दुसऱ्या कुठल्याच गेममध्ये अनुभवलं नाही. जाळीच्या खिडक्या, हत्ती, दगडावरचं कोरीव काम, सगळं ओळखीचं. इथं मोह होतो की आपला आहे म्हणून दोन मार्क जास्त द्यावेत. देऊ नका. किंवा काहीजण उलटं करतात, आपला आहे म्हणजे कच्चाच असणार. तेही नको. मी लिहिलंय ते असं, जागा आणि चित्रं एक नंबर, उड्या-कसरतीत मजा, लढाई मध्यम, कारण कॅमेरा आपल्या हातात नाही आणि गर्दी झाली की कोण कुठं आहे कळत नाही, पाच-सहा तासांत संपतो आणि गोष्ट मधेच तुटल्यासारखी वाटते. हे सगळं लिहून शेवटी "सेलला नको, आत्ता घे" लिहिलंय. हे मत मी कुणासमोरही ठामपणे सांगू शकतो कारण त्यात लपवलेलं काही नाही.

अर्धवट सोडलेल्या गेमबद्दल मत द्यायचं की नाही? द्यायचं, पण कुठं सोडला ते सांगून. विचर ३ मी दोनदा सोडला होता. दोन्ही वेळा कारण एकच, नकाशावरचं प्रत्येक प्रश्नचिन्ह पुसायच्या नादात, स्केलिगेच्या समुद्रात होडी घेऊन पेट्याच गोळा करत फिरत होतो. तिसऱ्यांदा ठरवलं, समुद्रातली प्रश्नचिन्हं सोडायची, आणि फक्त माणसं भेटतील तिकडं जायचं. मग व्हेलेन नावाच्या भागातला तो बॅरन, म्हणजे तिथला सरदार, भेटला. काय होतं ते सांगत नाही, पण दारूनं घर बसलेली माणसं आपण सगळ्यांनी आजूबाजूला बघितलीत, आणि हा गेम त्या माणसाला वाईट ठरवून मोकळा होत नाही, चांगला पण ठरवत नाही, निवड तुमच्यावर टाकतो आणि कशीही निवड केली तरी मन दुखतंच. तलवारबाजी मला अजूनही साधारणच वाटते. तरी माझ्या वहीत सगळ्यात जास्त पानं याचीच आहेत. तर दुसऱ्याला देताना गेमबरोबर खेळायची रीत पण द्या, "हे सोड, ते धर", कधी कधी तेवढ्यानं गेम वाचतो.

मग कुणी विचारलं "कसा हाय गेम?" तर लगेच उत्तर द्यायचं नाही. आधी आपणच विचारायचं, कशावर खेळणार, एका वेळी किती वेळ मिळतो, शेवटचा कुठला गेम तू संपेपर्यंत खेळलास. तिसरा प्रश्न लई महत्त्वाचा, कारण आवडता गेम कुठला विचारलं की लोक नावाजलेलं नाव सांगतात, पण संपवलेला गेम खरा असतो. मग वहीतनं तीन-चार वाक्यं. माझं होलो नाइटचं असं आहे, जसंच्या तसं देतो:

"जुना लॅपटॉप, ८ जीबी रॅम, कार्ड नाही, तरी अडकला नाही. ३१ तास. लाइट गेली तर शेवटच्या बाकड्यापासून. हात काय करतात: उडी, एक वार, मागं सरक, परत एक वार, आणि रस्ता लक्षात ठेवणं. मेल्यावर पैसे तिथंच राहतात, परत जाऊन घ्यावे लागतात, त्याआधी परत मेलात तर गेले. पहिले चार तास हरवल्यासारखं वाटेल, मँटिसपर्यंत धीर धर, तिथं नाही पटला तर सोड. रस्ते शोधायचा कंटाळा असेल तर घेऊ नको. सेलला घे."

हेच मी मावसभावाला पाठवलं, गेम माझ्या पैशानं त्याला भेट देऊन, आधीचं देणं होतं म्हणून. त्याच्या त्याच लॅपटॉपवर चालला. तीन आठवडे काही बोलला नाही, मी पण विचारलं नाही. मग एका रात्री साडेबाराला व्हॉइस मेसेज, कुजबुजत, बहुतेक घरातले झोपलेले, "दादा, त्या तिघांनी मला वाकून नमस्कार केला." आणि पुढं बराच वेळ नुसता श्वासाचा आवाज.

परवा त्यानं मला एक गेम सुचवलाय. मेसेजमध्ये आधी रॅम लिहिलीय, मग तास लिहिलेत, मग लाइट गेली तर किती जातं ते, आणि शेवटी "सेलला घे". नाव यादीत टाकून ठेवलंय, सेलची वाट बघतोय.